जुनें तें सोनें, पण कोणाचें?

“जुनें तें सोनें” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पण ती खरी मानून वागणारे लोक फार थोडे. घरांतील वडील माणूस गेलें, कीं त्याचीं भांडींकुंडीं व दागिने वाटून घेतले जातात, आणि उरलेल्या कागदांस व बंद पडलेल्या यंत्रांस बाहेरची वाट दाखविली जाते. अमेरिकेंत मात्र ह्या उरलेल्या वस्तूंच्याच मागें लागणारा एक वर्ग आहे. जुनीं संगणकविषयक मासिकें आणि जुनीं इलेक्ट्रॉनिक यंत्रें मृतांच्या घरच्या विक्रींत हुडकीत फिरावें, हा ह्या मंडळींचा छंद. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे आप्त त्या देशांत राहतात. त्यांच्या पत्रांतून किंवा बोलण्यांतून ही गोष्ट कांहींच्या कानांवर आलीहि असेल. प्रथमदर्शनीं हा छंद कोणास हास्यास्पद वाटेल. पण विचार करतां असें दिसतें कीं, त्याच्या पोटीं दोन मोठे प्रश्न आहेत. पहिला ज्ञानाचा व दुसरा न्यायाचा. त्या दोहोंविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम ही विक्री कशी असते तें सांगितलें पाहिजे. तिकडे एखादा गृहस्थ वारला, किंवा वृद्धापकाळामुळें मोठें घर सोडून लहान जागेंत राहावयास गेला, म्हणजे त्याचीं मुलें पुष्कळदां दूरच्या गांवीं असतात. त्यांना घर रिकामें करावयाचें असतें. पण सामान नेण्यास जागा नसते व तें निवडीत बसण्यास वेळहि नसतो. मग ह्या कामाचा धंदा करणाऱ्या मंडळीस बोलावितात. ती मंडळी वस्तूंना किमतीच्या चिठ्ठ्या लावते, वर्तमानपत्रांत व इंटरनेटवर छायाचित्रांसह जाहिरात देते, आणि बहुधा आठवड्याच्या शेवटीं दोन-तीन दिवस घराचें दार सर्वांस उघडें ठेवते. आलेल्या रकमेचा ठरलेला हिस्सा तिचा, बाकीचा वारसांचा. ह्यालाच तिकडे ‘इस्टेट सेल’ म्हणतात. पहिल्या दिवशीं पहांटेपासून दाराशीं रांग लागते, येणारांस क्रमांकाच्या चिठ्ठ्या मिळतात, व थोडथोडे लोक आंत सोडले जातात. पहिल्या दिवशीं किंमत पुरी घेतात. शेवटच्या दिवशीं ती बहुधा निम्म्यावर येते. आणि त्यानंतर जें उरेल तें कचऱ्याच्या गाडींत पडतें.

आंत शिरलेल्या लोकांपैकीं बहुतेकांची धांव चांदीच्या भांड्यांकडे, घड्याळांकडे व लांकडी सामानाकडे असते. जुन्या मासिकांचा शोधक तळघराकडे किंवा मोटार ठेवण्याच्या खोलीकडे वळतो. जाहिरातींतील छायाचित्र त्यानें आधींच बारकाईनें पाहिलेलें असतें. पुढें मांडलेल्या टेबलाशीं त्याला कर्तव्य नसतें, मागच्या फळीवर रचलेल्या मासिकांच्या पाठी त्यानें हेरलेल्या असतात. घराचा धनी विजेच्या किंवा तारायंत्राच्या कामांतला होता, त्याच्या मेजावर डाखण्याची सळई व जुनीं मोजमापाचीं यंत्रें आहेत, एवढें कळलें तरी त्याला पुरतें. जेथें अशी सळई असेल तेथें जवळपास जुन्या मासिकांची एखादी पेटी असावयाचीच, हा त्याचा अनुभव.

आतां कोणी विचारील, जुन्या मासिकांत एवढें काय ठेविलें आहे? ह्याचें उत्तर एकाच अंकावरून देतां येईल. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ नांवाच्या मासिकाचा १९७५ च्या जानेवारीचा अंक घ्या. त्याच्या मुखपृष्ठावर ‘आल्टेअर ८८००’ नांवाच्या संगणकाचें चित्र होतें. त्या काळीं संगणक म्हणजे सरकारच्या, मोठ्या विद्यापीठांच्या व बड्या व्यापारी संस्थांच्या मालकीची वस्तु. न्यू मेक्सिको संस्थानांतील आल्बुकर्क येथील एका लहान कारखान्यानें सुटे भाग जुळवून घरींच बनवितां येईल असा संगणक चारशें डॉलरांहून कमी किमतींत देऊं केला. त्याला अक्षरफलक नव्हता, पडदा नव्हता. पुढच्या बाजूस खटके व लुकलुकणारे दिवे एवढेंच. त्याची मूळ स्मरणशक्ति अवघ्या २५६ अक्षरांची. हा परिच्छेदहि तींत मावणार नाहीं. गंमत अशी कीं, मासिकाकडे पाठविलेला खरा नमुना वाटेंत गहाळ झाल्यामुळें मुखपृष्ठावरील चित्र आंतून रिकाम्या पेटीचें काढावें लागलें! तरीपण त्या चित्रानें केवढें काम केलें पाहा. केंब्रिज गांवीं हार्वर्ड विद्यापीठाजवळच्या विक्रेत्याकडे पॉल ॲलन ह्या तरुणाच्या दृष्टीस तो अंक पडला. तो घेऊन तो आपला मित्र बिल गेट्स ह्याच्याकडे गेला. दोघांनीं त्या यंत्रासाठीं ‘बेसिक’ भाषा तयार केली, आणि त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्ट ह्या संस्थेचा जन्म झाला. त्याच वर्षाच्या मार्च महिन्याच्या ५ तारखेस कॅलिफोर्नियांत मेन्लो पार्क येथें एका घराच्या गॅरेजमध्यें ‘होमब्रू कंप्यूटर क्लब’ ह्या हौशी मंडळाची पहिली सभा भरली. त्या सभेस स्टीव्ह वॉझ्नियॅक हजर होता. पुढील वर्षीं त्यानें ‘ॲपल-१’ हा संगणक रचला. कोठें एक मासिक, आणि कोठें त्यांतून निघालेले हे प्रवाह!

पण थोरांच्या चरित्रांपेक्षां मला जास्त महत्त्वाची वाटते ती सामान्य वाचकाची गोष्ट. डेव्हिड आल ह्यानें १९७४ मध्यें सुरू केलेलें ‘क्रिएटिव्ह कंप्यूटिंग’, १९७५ च्या सप्टेंबरांत निघालेलें ‘बाइट’, १९७९ पासूनचें ‘कंप्यूट’ हीं मासिकें संगणकाच्या आज्ञावल्या छापीत असत. १९७७ सालीं कमोडोर पेट, ॲपल-२ व टीआरएस-८० हीं घरगुती यंत्रें बाजारांत आलीं, आणि मुलें हे अंक मांडीवर घेऊन पानेंच्या पानें आपल्या हातानें यंत्रांत उतरवूं लागलीं. एक स्वल्पविराम चुकला किंवा शून्याच्या जागीं ‘ओ’ हें अक्षर पडलें, कीं सर्व श्रम व्यर्थ! मग एकेक ओळ बोट ठेवून ताडून पाहावी लागे. पुढें ‘कंप्यूट’ मासिकानें प्रत्येक ओळीसमोर पडताळ्याचा एक आंकडा छापण्यास आरंभ केला. ओळ उतरविल्यावर यंत्रानें दाखविलेला आंकडा छापील आंकड्याशीं जुळला म्हणजे ओळ शुद्ध समजावी. अशा रीतीनें शिकलेल्या मुलास यंत्राचें पोट कसें चालतें तें कळे, आणि त्याबरोबरच धीर व अचूकपणा हे दोन गुण न शिकवितां अंगीं येत. आज आमच्या मुलांच्या हातीं त्या यंत्रांहून कितीतरी पटींनीं बलवान यंत्र आहे. पण कांचेवर बोट फिरविण्यापलीकडे त्याच्याशीं त्यांचा परिचय किती? गिऱ्हाईक होणें सोपें, कारागीर होणें कठीण. जुन्या मासिकांचा वाचक कारागीर होता, आणि हाच त्या मासिकांचा खरा उपदेश आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल. सॅन फ्रॅन्सिस्को येथें ब्रूस्टर केल ह्यानें १९९६ मध्यें स्थापिलेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ह्या संस्थेनें ‘बाइट’सारख्या मासिकांचीं पानें छायारूपानें सर्वांस फुकट वाचावयास ठेविलीं आहेत, मग कागदी अंकांमागें धांवण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन हें कीं, जें छायारूपानें मिळतें तें कोणीतरी कधीं तरी कागद जपला म्हणूनच मिळतें. मोठ्या खपाच्या मासिकांचे अंक पुष्कळ उरले आहेत. त्यांची फारशी चिंता नको. परंतु गांवोगांवच्या हौशी मंडळांनीं थोड्याशा प्रती काढून सभासदांस वांटलेलीं पत्रकें, लहान कारखान्यांच्या माहितीपुस्तिका, विक्रीचीं दरपत्रकें, हीं मृत सभासदाच्या तळघराखेरीज अन्यत्र कोठेंहि नसण्याचा संभव असतो. शिवाय अंकाच्या समासांत धन्यानें पेन्सिलीनें केलेली दुरुस्ती, ही तर जगांत एकच. १९१५ चें नव्हे, अगदीं अलीकडचें उदाहरण सांगतों. २०१५ सालीं मेरीलंड संस्थानांत जुन्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा एक मोठा सांठा जागा रिकामी करावयाची म्हणून फेंकला जाणार होता. जेसन स्कॉट ह्या संग्राहकानें हांक देतांच स्वयंसेवक धांवून आले, आणि थोड्या दिवसांत सुमारें पंचवीस हजार पुस्तिका पेट्यांत भरून वांचविण्यांत आल्या. ह्यांत कोणाचा नफा झाला? कोणाचाच नव्हे, आणि सर्वांचा झाला.

यंत्रांच्या बाबतींत एक सूचना विद्यार्थ्यांस अवश्य देतों, कारण त्यांचा हात उतावळा असतो. बरीच वर्षें बंद असलेलें यंत्र मिळालें, कीं लागलींच विजेस जोडूं नये. त्यांतील विद्युत्संचयक, म्हणजे कपॅसिटर, काळानें खराब झालेले असतात. कांहीं फुटून धूर सोडतात, कांहींतून द्रव पाझरून तांब्याच्या रेषा खातो. १९८९ च्या सुमाराच्या मॅकिन्टॉश यंत्रांत आंत बसविलेली बॅटरी फुटून सबंध पाटी कुजलेली आढळते. १९८२ च्या कमोडोर-६४ ह्या संगणकाची वीज पुरविणारी पेटी बिघडली, म्हणजे दाब वाढून आंतील नाजूक भाग जळतात. आणि कांचेच्या मोठ्या नळीचा जुना पडदा तर वीज बंद केल्यावरहि प्राणघातक दाब धरून ठेवूं शकतो. जाणत्याखेरीज कोणी तो उघडूं नये. जुन्या वस्तूचा मान राखावयाचा म्हणजे प्रथम तिचा स्वभाव जाणून घ्यावयाचा.

येथवर छंदाची उजवी बाजू झाली. आतां डावीकडे वळूं. जेथें ज्ञान असतें तेथें द्रव्याचा लोभ हळूच येऊन बसतो. वर सांगितलेला ‘ॲपल-१’ हा संगणक १९७६ सालीं ६६६ डॉलर ६६ सेंट ह्या किमतीस विकला जात असे, व तो सुमारें दोनशेंच नग झाला. त्यांपैकीं एक नग २०१४ च्या ऑक्टोबरांत हेन्री फोर्ड ह्यांच्या नांवाच्या संग्रहालयानें लिलांवांत ९,०५,००० डॉलरांस घेतला. असे आंकडे ऐकले म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढून मासिकांतील विद्या निघून जाते व नुसता डॉलर उरतो. मग अंक वाचण्याऐवजीं ते पिशव्यांत सीलबंद होतात. घर भरतें, मन रितें राहतें. शुभवर्तमानांतील त्या श्रीमंत मनुष्याची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. त्यानें जुनीं कोठारें मोडून मोठीं बांधण्याचा बेत केला, पण त्याच रात्रीं त्याला बोलावणें आलें. आणि ज्या संग्राहकानें वाचल्यावांचून हजार अंक जमविले, त्याच्याहि घरीं एके दिवशीं चिठ्ठ्या लावणारी मंडळी येणारच आहे!

परंतु न्यायाचा प्रश्न ह्याहून खोल आहे. विकणारी विधवा अजाण, आणि घेणारा जाणता. अशा वेळीं जाणत्याचें कर्तव्य काय? ह्याविषयीं एक खरी घडलेली हकीकत आहे. २०१५ सालीं कॅलिफोर्नियांत मिल्पिटास गांवीं जुनीं यंत्रें मोडींत घेणाऱ्या एका कारखान्यांत एक प्रौढ स्त्री आली. पतीच्या निधनानंतर तिनें गॅरेज साफ केलें होतें. कांहीं पेट्या तिनें तेथें ठेविल्या, पावतीहि नको म्हणाली, नांवपत्ता न देतां निघून गेली. कांहीं आठवड्यांनीं पेट्या उघडून पाहतात तों एकींत ‘ॲपल-१’! कारखान्यानें तो एका संग्राहकास दोन लक्ष डॉलरांस विकला. त्या कारखान्याचा नियम असा कीं, आलेल्या वस्तूच्या उत्पन्नाचा अर्धा भाग मूळच्या धन्यास द्यावयाचा. तेव्हां त्यांनीं वर्तमानपत्रांतून त्या स्त्रीचा शोध मांडला: बाई, आपण कोठें आहां? आपले एक लक्ष डॉलर आमच्याकडे आहेत, ते घेऊन जा. कायद्यानें त्यांना कोणी विचारलें नसतें. तिनें वस्तु आपण होऊन टाकली होती. पण त्यांनीं स्वतःस विचारलें.

कोणी म्हणेल, प्रभूच्या दृष्टांतांतील मनुष्यास शेतांत ठेवा सांपडला, त्यानें तो लपविला, आणि शेत विकत घेतलें. त्यानें शेताच्या धन्यास कोठें सांगितलें? हा प्रश्न वर्गांतील चलाख मुलगा विचारतोच, आणि त्यानें विचारावा. माझें उत्तर असें कीं, तो दृष्टांत स्वर्गाच्या राज्याचें मोल दाखविण्यासाठीं आहे. तो बाजारांतील सौद्याचा नियम सांगत नाहीं. आणि त्या मनुष्यानें आपलें होतें नव्हतें तें सर्व विकलें, हें विसरूं नये. तीन डॉलर टाकून तीन हजारांची वस्तु कांखेंत मारणारानें त्याचें नांव पुढें करणें शोभत नाहीं.

माझें मत थोडक्यांत सांगतों. धंदेवाईक विक्रेत्यानें आपल्या बुद्धीनें किंमत लावली, व ती देऊन कोणी वस्तु नेली, तर त्यांत दोष नाहीं. किंमत ठरविणें हें त्याचें काम, त्याबद्दल त्याला मोबदला मिळतो. आणि शोधकानेंहि विद्या मिळविण्यांत वर्षें घालविलेलीं असतात, त्या विद्येस कांहीं वेतन असावेंच. परंतु मृताची पत्नी किंवा मुलगी स्वतः पुढें येऊन, “ह्या पेटीची कांहीं किंमत असेल का हो?” असें विचारते, तेव्हां मौन हेंच असत्य होतें. तेथें खरें सांगावें, व मग बोलीप्रमाणें वांटा ठरवावा. असें केल्यास छंद बुडेल, ही भीति व्यर्थ आहे. शंभरांतील नव्व्याण्णव पेट्यांत लक्षावधींची वस्तु नसतेच. आणि ज्या एकींत असते तिचा अर्धा भाग देऊनहि मिल्पिटासच्या लोकांपाशीं एक लक्ष डॉलर उरले, वर चांगलें नांव मिळालें तें निराळेंच.

आणखी एक गोष्ट. जुन्या चुंबकीय तबकड्यांवर केवळ खेळ व हिशेब नसतात. धन्याचीं खाजगी पत्रें असतात, कोणाचा आजार, कोणाचें कर्ज, कोणाचें भांडण असतें. तबकडी विकत घेतली म्हणजे तीं गुपितेंहि विकत घेतलीं असें होत नाहीं. तीं कुटुंबास परत करावींत, किंवा न वाचतां पुसून टाकावींत. मेलेला मनुष्य हरकत घेऊं शकत नाहीं, म्हणूनच त्याच्याशीं अधिक सभ्यतेनें वागलें पाहिजे.

हें सर्व आमच्या मुलांस सांगण्याचें कारण काय? आमच्याकडे अशी दारीं मांडलेली विक्री नसते. आमच्याकडे रद्दीवाला येतो, आणि तो ज्ञानविज्ञान किलोच्या मापानें तोलतो. पालकांस माझी विनंति एवढीच कीं, आजोबांची पेटी तागडींत घालण्यापूर्वीं ती एकदां मुलाबरोबर बसून उघडावी. एखाद्या मासिकाचा जुना अंक, रेडिओची माहितीपुस्तिका, ह्या शाळेचाच एखादा जुना वार्षिक अंक त्यांत निघेल. तो कोणाचा, केव्हांचा, हें मागच्या पानावर लिहून ठेवावें. अमेरिकन मिशनानें १८४२ सालीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राचे जुने अंक आज इतिहासकारांस उपयोगी पडतात, ते कोणीतरी असे जपले म्हणूनच.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस सांगावयाचें तें हें. जुनी वस्तु हातीं आली तर तिला तीन प्रश्न विचारा. तूं कशी चालतेस? तुला कोणी जपलें? आणि तुझ्यावर खरा हक्क कोणाचा? पहिल्यानें विद्या वाढेल, दुसऱ्यानें कृतज्ञता वाढेल, आणि तिसऱ्यानें मन निर्मळ राहील. आपण सर्वजण ह्या जगांतील वस्तूंचे धनी नसून कारभारी आहों. जी वस्तु आपण दोन दिवस संभाळतों ती पुढच्याच्या हातीं अधिक समजून, अधिक नीट करून व स्वच्छ हातानें द्यावी, एवढेंच कारभाऱ्याचें काम. तें ज्याला साधलें त्याच्याच घरीं जुनें तें खरोखर सोनें होतें.